जबड्यावरची पितळी चकती

रेनातोने गाडी आंब्याखाली लावली तेव्हा कारखान्याचा भोंगा नुकताच होऊन गेला होता. गाळप जोरात चालू होतं. मळीचा गोड-आंबूस वास ऑस्ट्रेलियातल्या या अख्ख्या इंगम गावात भरून राहिला होता. लोरेदानाला ब्रिस्बेनला जाऊन उभा जन्म झाला होता, पण हा वास नाकात गेला की आपण पुन्हा दोन वेण्या घातलेली, पायाला चिखल लागलेली पोर झालो असं तिला वाटायचं, आणि त्याचा तिला राग यायचा.

"आज काय ते ठरवूनच निघायचं," पायऱ्या चढताना ती धाकट्या भावाला म्हणाली. "शेत घ्यायला शेजारी किती दिवस थांबतील? त्यांनी दुसरी जमीन बघितली तर आपण बसू हात चोळत. सिल्व्हानो डोळ्यांत पाणी आणेल. तू विरघळू नकोस."

"मी? मी बँकेत काम करतो, बाई. रडणारी माणसं रोज समोर असतात."

घर उंच खांबांवर होतं. वर चारही बाजूंनी व्हरांडा, खाली मोकळी जागा. त्या मोकळ्या जागेत पूर्वी पपांचा ट्रॅक्टर उभा असायचा. आता तिथे थोरल्या भावाच्या, सिल्व्हानोच्या, बायकोचं, म्हणजे नोलीनचं, साम्राज्य होतं: फुटक्या पडद्यांचे टीव्ही, पोटं उघडलेली धुलाईयंत्रं, दोऱ्याला लटकवलेल्या वायरींच्या जुड्या. लोरेदाना त्याला सरळ भंगार म्हणायची.

मम्मा व्हरांड्यात चाकाच्या खुर्चीत बसली होती. लोरेदाना तिचा मुका घ्यायला वाकली आणि वाकलेलीच राहिली. मम्माच्या डाव्या जबड्यावर, कानाच्या जरा खाली, नाण्याएवढी एक पितळी चकती चिकटपट्टीने लावलेली होती. तिची केसासारखी बारीक वायर खुर्चीच्या दांड्यावरून मागच्या एका डब्यात जात होती. समोर, टेबलावरच्या दिव्याच्या घडीच्या दांडीला, केक भाजायचा मोठा पत्रा उभा बांधला होता. त्यावर ओळीने अक्षरं रंगवलेली आणि प्रत्येक अक्षरामागे भोक पाडून नाताळच्या माळेतला एकेक दिवा बसवलेला.

"नोलीन!" लोरेदाना ओरडली. "हे काय चिकटवलंयस तिच्या तोंडाला?"

नोलीन स्वयंपाकघरातून हात पुसत आली. आखूड पांढरे केस, गळ्यात दोरीला लटकणारा चष्मा, झग्याच्या खिशात स्क्रू-ड्रायव्हर. "ये, लोरेदाना. ती चकती ना? धुराच्या अलार्ममधली. त्यात जी केकाटते ना, ती. वीज दिली की ती थरथरते आणि आवाज करते. पण ती उलटंही चालते. तिला थरथरवलं की ती वीज देते. मम्माने दात दाबले की तिथला स्नायू हलतो, आणि..."

"काढ ते."

"जेवण झाल्यावर बोलू," नोलीन शांतपणे म्हणाली. "लझान्या करपेल."

मम्माला जानेवारीत, ऐन उन्हाळ्यात, पक्षाघाताचा झटका आला होता. हातपाय गेले, वाचा गेली. टाउन्सव्हिलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं की तिच्यापर्यंत किती पोचतं ते नक्की सांगता येत नाही. लोरेदानाने त्याचा अर्थ काहीच पोचत नाही असा लावून घेतला होता. नाहीतर ते डोळे बघणं तिला झेपलं नसतं.

आणि नोलीनचा उद्योग तिला नवीन नव्हता. सिल्व्हानो केर्न्सहून ही संगीताची शिक्षिका लग्न करून घेऊन आला, त्याच आठवड्यात तिने लग्नात भेट आलेला टोस्टर टेबलावर सुटा करून ठेवला होता. "ही मुलगी संसार करायला आलीय की मोडायला?" मम्मा तेव्हा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाली होती. पुढे एका वर्षी टोमॅटोचं पीक अफाट आलं. सॉस करण्यासाठी टोमॅटो दळायचं हाताने फिरवायचं यंत्र फिरवून फिरवून मम्माचा खांदा गेला. नोलीनने टाकून दिलेल्या धुलाईयंत्राची मोटर काढली, ट्रेडमिलचा पट्टा लावला आणि पेट्याच्या पेट्या जेवणाआधी दळून दिल्या. मम्मा खुर्ची टाकून शेजारी बसली होती, नाटक बघायला बसावं तशी. त्या दिवसापासून सूनबाई 'माझी मेकॅनिक' झाली. नदीकाठच्या पंपापाशी नोलीनने बाळाचं रडणं ऐकायचं यंत्र टांगलं. पंप बंद पडून शांत झाला की स्वयंपाकघरात घंटी वाजायची. दर रविवारी फोनवर मम्मा लोरेदानाला असलं काही ना काही ऐकवायची. पोटच्या मुलीने औषधांचं दुकान काढलं, दोन मुलं वाढवली, त्याचं कौतुक इतकं रंगवून कधी कुणाला सांगितलं असेल असं लोरेदानाला वाटत नव्हतं.

जेवायला बसले तरी चकती जबड्यावरच होती. नोलीन मम्माला चमच्याने मऊ केलेलं भरवत होती. लुसिंडाच्या बंदरावरून आणलेल्या कोळंबीचा ढीग मध्ये होता, पण सोलून खात होता एकटा रेनातो.

"शेजाऱ्यांना उद्या उत्तर हवंय," लोरेदानाने विषय काढला.

"उत्तर दिलंय मी त्यांना," सिल्व्हानो म्हणाला. चौसष्ट वर्षांचा, रुंद खांद्यांचा माणूस, पण खुर्चीतून उठताना टेबलाला धरून उठायचा. "नाही म्हणून सांगितलंय."

"तू एकटा कोण नाही म्हणणारा? जमीन मम्माच्या नावावर आहे. तिच्या वतीने सही करायची ती तिघांनी."

"म्हणूनच नाही. तिच्या वतीने. पपांनी आणि तिने इटलीहून येऊन हाताने ऊस तोडलाय इथे. साप काढलेत उसातून. ती ही जमीन विकेल? तुला तुझी आई माहीत नाही."

"मला माहीत नाही? तिने मला काय शिकवलं ते ऐक. शीक आणि इथून निघ, एवढंच शिकवलं! आणि तुझे गुडघे बघ. दोन्ही बदलून झाले. मुलं तुझी पर्थला, खाणीत. कोण करणार शेती? टाउन्सव्हिलला इतकी छान जागा बघून ठेवलीय तिच्यासाठी, चोवीस तास नर्स. तिला तेच हवं असणार."

"तिला हवं असणार म्हणे!"

"मग तुला स्वप्नात येऊन सांगितलं का तिने?"

"तिलाच विचारा की," नोलीन म्हणाली.

कोळंबी सोलणारे रेनातोचे हात थांबले. "कशाने? त्या केकच्या पत्र्याने?"

"हो."

"नोलीन, राग मानू नकोस हं." रेनातोने बोटं पुसली. त्याचा स्वर मऊ झाला की तो टोचणार हे घरात सगळ्यांना माहीत होतं. "शेत राहिलं तर तुझं घर राहतं. खालचं तुझं दुकान राहतं. आणि मशीन केलंस तू, वायर लावलीस तू, दिवे लावतेस तू. उद्या पत्रा म्हणाला 'विकू नका', तर आम्ही काय समजायचं?"

सिल्व्हानो लाल झाला. "तोंड सांभाळ, रेनातो."

"बरोबर बोलतोय तो," नोलीन म्हणाली. "मीसुद्धा विश्वास ठेवला नसता." तिने चमचा बशीत ठेवला, मम्माची हनुवटी पुसली आणि चकतीवरची पट्टी अंगठ्याने जरा दाबून बसवली. "सिल्व्हानो, चल, आपण खाली जाऊ. तुम्ही दोघं विचारा. मला माहीत असणं शक्यच नाही असं काहीतरी विचारा."

"आणि हे चालवायचं कसं?"

"तुम्ही काहीच चालवायचं नाही. आधी एकेक ओळ उजळते. हवी ती ओळ आली की ती दात दाबते. मग त्या ओळीतलं एकेक अक्षर. दोनदा पाठोपाठ दाबलं तरच धरतं. पहिल्यांदा एकदाच ठेवलं होतं, तर पाण्याचा घोट गिळला तरी अक्षर उमटायचं. एक अख्खी दुपार आम्ही नुसते 'घघघ' काढत बसलो होतो. तिला हसू आवरत नव्हतं."

"हसू?" लोरेदाना म्हणाली.

"डोळ्यांनी. खालच्या ओळीतले हिरवा आणि लाल म्हणजे होय आणि नाही, पिवळा म्हणजे पुरे. आणि एक सांगते, शब्द तिला पुरा करू द्या. मध्ये तोंड घालून आपण पुरा करायचा नाही. तिला त्याचा संताप येतो."

पायऱ्यांवर दोघांची पावलं वाजली, खाली गेली, थांबली. व्हरांड्यापलीकडे उसाची छोटी गाडी खडखडत कारखान्याकडे चालली होती. मम्मा दोघांकडे बघत होती.

रेनातो खुर्ची ओढून तिच्यासमोर बसला. आता तो बँकेतला वाटत नव्हता. "मम्मा," तो म्हणाला, "पपांना पुरायला नेलं त्या दिवशी गाडीत तू आणि मी मागे बसलो होतो. तू माझ्या कानात काहीतरी म्हणालीस. मी ते कधी कुणाला सांगितलेलं नाही. काय म्हणालीस?"

दिवे सरकू लागले. पहिली ओळ, दुसरी, तिसरी. लोरेदाना आईच्या गालाकडे टक लावून बघत होती. कानाखाली कातडी किंचित फुगली, दोनदा, आणि चौथी ओळ उजळलेली राहिली. मग अक्षरं. एस.

पुन्हा पहिल्या ओळीपासून. सी. मग ए. प्रत्येक अक्षराला इतका वेळ लागत होता की लोरेदानाचे स्वतःचेच दात आवळले गेले. आर. रेनातोने तोंडावर हात ठेवला होता. पी आलं, ई आलं, आणि दिवे थांबले.

"स्कार्पे," लोरेदानाने वाचलं, आईच्या इटालियनमध्ये. "बूट? कसले बूट?"

रेनातोच्या घशातून कसलासा आवाज आला. हसू आहे की हुंदका ते तिला आधी कळेना. "मी घाईत दोन वेगळे बूट घालून आलो होतो," तो म्हणाला. "एक काळा, एक तपकिरी. अख्खी अंत्ययात्रा तोंड पाडून चाललीय, पुढे पपांची पेटी, आणि ही माझ्या कानात म्हणते, 'अरे गाढवा, बूट बघ तुझे.'" त्याने आईच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि पन्नाशी उलटलेला तो माणूस मोठ्याने रडू लागला.

लोरेदाना उभी राहिली, बसली, पुन्हा उभी राहिली. आई इथेच होती. उन्हाळ्यापासून आजवर, त्या दवाखान्याच्या खोलीत, या व्हरांड्यात, ती इथेच होती. तिच्या डोक्यावरून आपण काय काय बोललो ते आठवायची तिची हिंमत होईना. कठड्यावरून वाकून तिने हाक मारली, "नोलीन! वर ये."

दोघं वर आली. रेनातोचे डोळे सिल्व्हानोने बघितले. तो सरळ आईसमोर गेला आणि दुखरे गुडघे न जुमानता खाली बसला.

"मम्मा, यांना सांग आता. आपण शेत विकायचं नाही ना?"

दिवा हिरव्यावर आला, पुढे गेला. लालवर आला. गाल दोनदा हलला.

"नाही," मम्मा म्हणाली.

लोरेदानाच्या हातातला पेला टेबलावर आपटला. तो मम्माचाच आवाज होता. झटक्याआधीचा, भरदार, जरा चिडका, शेवटी हेल काढणारा. खुर्चीमागच्या डब्यावर बांधलेल्या, काच तडकलेल्या एका जुन्या मोबाइलमधून आला होता.

"आन्सरिंग मशीनच्या टेपा," नोलीन हलकेच म्हणाली. "आम्ही रस्त्यापलीकडच्या घरात राहायचो तेव्हाच्या. मी टाकल्या नव्हत्या. होय, नाही आणि पुरे, एवढेच स्वच्छ निघाले. हा 'नाही' तिने मला माशांची परात परत करायला सांगत होती तेव्हाचा आहे."

पण सिल्व्हानोला बाकी काही ऐकू येत नव्हतं. तो उठून उभा राहिला होता, चेहरा उजळला होता. "ऐकलंत? ऐकलंत ना? नाही म्हणाली! झालं तुमचं समाधान?"

हरल्याचं लोरेदानाला वाईट वाटत नव्हतं, हे तिचं तिलाच नवल वाटलं. आई बोलली होती, एवढंच डोक्यात घुमत होतं.

"सिल्व्हानो," नोलीन म्हणाली, "पुन्हा विचार."

"कशाला?"

"तू विचारलंस, विकायचं नाही ना. ती म्हणाली नाही. नाही म्हणजे काय? विकायचं नाही, की तू म्हणतोस तसं नाही?"

"नोलीन!" सिल्व्हानो तिच्याकडे बघतच राहिला. "तू कुणाच्या बाजूची आहेस?"

"प्रश्न सरळ विचार. होय-नाहीला तिच्याकडे दोनच दिवे आहेत. आपण वाकडं विचारलं तर ती सरळ बोलणार कशी?"

लोरेदाना भावजयीकडे बघत होती. हे घर जाऊ नये असं या घरात सगळ्यांत जास्त कुणाला वाटत असेल तर ते हिला. हिचं सगळं इथे होतं, खांबाखांबाला टांगलेलं. आत्ता हिने फक्त कोळंबीच्या बशा गोळा केल्या असत्या आणि आत गेली असती तरी पुरलं असतं. कुणाला संशयही आला नसता.

सिल्व्हानो पुन्हा आईकडे वळला. "मम्मा, शेत विकायचं?"

हिरवा. गाल हलला, दोनदा.

"होय."

"चुकून झालं असेल. दमलीय ती."

"उलट करून विचार," नोलीन म्हणाली. तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज वर्गात सूर लावून घ्यावा तसा स्थिर होता.

"मम्मा, शेत ठेवायचं?"

"नाही."

आंब्यावर वटवाघळं कलकलत होती. सिल्व्हानो कठड्याशी गेला. समोर उभा ऊस होता आणि त्यापलीकडे तोडून मोकळी झालेली काळी पट्टी. "मी चाळीस वर्षं तुझ्यासाठी धरून बसलो, मम्मा," तो पाठमोराच म्हणाला. "तुला आवडेल म्हणून. मला वाटलं..."

दिवे पुन्हा सरकले. या वेळी कुणी काही विचारलं नव्हतं.

"पुरे," मम्माचा आवाज आला. या शब्दात चीड नव्हती. अंधार पडत आला की मागच्या दारात उभी राहून ती शेताकडे हाक मारायची, पुरे, घरी या आता, जेवायला चला. तोच स्वर होता. दोन भाऊ आणि एक बहीण, तिघांनीही तो ओळखला. थोडं थांबून मशीन पुन्हा म्हणालं, "पुरे."

सिल्व्हानो तिथेच कठड्यावर हात टेकून उभा राहिला. रेनातो त्याच्याशेजारी जाऊन उभा राहिला, खांद्याला खांदा लावून. लहानपणी मारामारी झाली की शाळेतून परतताना दोघं तसेच चालायचे.

लोरेदाना पुढे झाली. जिंकलेलं आता रीतसर हाती घ्यावं, एवढीच सवय तिला होती. "मम्मा, टाउन्सव्हिलला खोली बघितलीय. बागेकडे खिडकी आहे. तिथे जायचं?"

"नाही."

"बरं. मग माझ्याकडे? ब्रिस्बेनला? खालची खोली रिकामीच आहे, मी..."

दिवा हिरव्यावर आला आणि पुढे गेला. लालवर गाल हलला. "नाही."

लोरेदानाला गालावर चापट बसल्यासारखं झालं. "मग कुठे जाणारेस, आई?"

यावर अक्षरांच्या ओळी उजळू लागल्या. एन. मग, बऱ्याच वेळाने, ओ.

"नो," रेनातो वळून म्हणाला. "तेच म्हणतेय परत. नाही, नाही. तिला कुठेच जायचं नाही."

"थांब," नोलीन म्हणाली. "संपलं नाही तिचं."

दिवा पुन्हा वरून निघाला. एल.

पुढचं ई येण्याआधीच लोरेदानाला कळलं होतं, सिल्व्हानोला कळलं होतं, आणि नोलीन एकदम खाली वाकून डब्यामागे काहीतरी शोधू लागली होती. "वायर सैल झालीय वाटतं," ती डब्यामागूनच म्हणाली.

"काही सैल झालेलं नाही," लोरेदाना म्हणाली. "ऊठ, नोलीन. तुझं नाव घेतेय ती."

नोलीन उठली. चष्मा पुसायला लागली, तो पुसला जाईना. "मला कुणी विचारलं का?" ती सासूला म्हणाली. "अं? सरळ नाव घेतेस? आणि आधीच सांगते, जिथे जाऊ तिथे मला छपराखाली मोकळी जागा लागेल. माझ्या सामानाशिवाय मी कुठे जायची नाही."

"होय," मम्मा म्हणाली.

"म्हणजे मीपण जायचं ना बरोबर?" सिल्व्हानोने कठड्यावरून विचारलं.

"तू सामानातच आहेस," रेनातो म्हणाला, आणि सगळे हसले, सिल्व्हानोसुद्धा, नाक ओढत.

दुपार कलल्यावर लोरेदाना खाली उतरली. नोलीन बाकावर वाकून दुसऱ्या एका चकतीला वायर जोडत होती. कथील वितळवणाऱ्या डागणीच्या टोकावरून बारीक धूर वर चढत होता. भोवती शेल्फांवर डबे होते, प्रत्येकावर खडूने लिहिलेलं. लोरेदानाने पहिल्यांदाच थांबून ते वाचलं. नुसत्या मोटरी. नुसती भिंगं. नुसते आवाज करणारे.

"एक जास्तीची करून ठेवतेय," नोलीन वर न बघता म्हणाली. "दवाखान्याने डोळ्यांवर चालणारं यंत्र दिलं होतं, पण तिची डावी पापणी पडते, त्याला तिचा डोळाच सापडत नव्हता. मग मी इतर लोकांना विचारलं. आम्हा असल्या वेड्यांचा नेटवर एक गट आहे. फिनलंडचा एक आजोबा, बायकोसाठी त्याने गिटारच्या तुकड्यावर असंच काही केलं होतं. एक मुलगी आहे फिजीतल्या नाडी गावची, ती मुलांची खेळणी फोडून एका बोटाने चालणारी करते. चकतीची युक्ती तिची. दिव्यांची माझी."

"तू त्याला पुन्हा विचारायला का लावलंस?"

नोलीनने डागणी स्टँडवर ठेवली. "मला माझ्या मनासारखं बोलणारं यंत्र हवं असतं, तर टेप होतीच की. हवं ते कापून वाजवलं असतं."

"तुझं घर जाईल."

"हो. आज रडणार आहे मी. तुम्ही गेलात की." ती जरा हसली. "पण कसं होतं बघ. मार्चमध्ये मला शंका आली की ती दात दाबतेय. मी म्हटलं, मम्मा, ऐकू येत असेल तर दाब. तिने दाबले. मी इथे येऊन या बाकावर बसले आणि हात इतके कापायला लागले की दोन चकत्या जाळल्या. आत माणूस आहे, लोरेदाना. एवढं कळल्यावर तिने बाहेर येऊन काय बोलावं हे मी ठरवायचं?"

"आम्हाला का नाही सांगितलंस तेव्हाच?"

"सांगितलं होतं. ईस्टरला. तू म्हणालीस, नोलीन, प्लीज, आता खेळ नको."

लोरेदानाला ते आठवलं. तिने बाकावरची चकती उचलली. पितळ, मध्ये पांढरं गोल, वजन जवळपास नाहीच. आयुष्यभर तिने औषधं विकली. गोळीएवढ्या वस्तूने माणूस उठून बसतो हे तिला नवं नव्हतं. पण ती गोळी कुणी कचऱ्यातून शोधून काढताना तिने पाहिलं नव्हतं.

"मला लावायला शिकव," ती म्हणाली. "कुठे लावायची ते कसं कळतं?"

"दात दाब."

लोरेदानाने दाबले. नोलीनने डागणीने खरखरीत झालेलं बोट तिच्या जबड्यावर ठेवलं, जरा खाली सरकवलं, थांबवलं. "इथे. उचलतोय बघ. रोज जागा थोडी सरकते, म्हणून आधी बोटाने शोधायची, मग पट्टी." इतक्या वर्षांत दोघींनी एकमेकींना नाताळच्या मुक्यापलीकडे हात लावला नव्हता.

वर मम्माला पलंगावर झोपवलं होतं. झोपवताना चकती काढून ठेवली होती; डबा लावलेली खुर्ची पलंगाशीच उभी होती. लोरेदाना शेजारी बसली, बोटाने जागा शोधली, पट्टी लावली, पत्रा समोर ओढला आणि मागचं बटण दाबलं. मग हात मांडीवर ठेवून बसली. विचारायला तिच्याकडे काही नव्हतं.

दिवे फिरले. सी.

मग यू.

कुचीना, लोरेदानाच्या मनात आलं. स्वयंपाकघर! स्वयंपाकघरात न्यायला सांगतेय, किती महिने ती तिथे गेलेली नाही. शब्द ओठांवर आला होता. तिने तो गिळला आणि थांबली.

एस. स्वयंपाकघर नव्हतं तर. सी. आय. बाहेर गाडीत सामान ठेवता ठेवता रेनातो सिल्व्हानोशी बोलत होता. एन. ओ.

कुश्शीनो. उशी.

मम्माच्या मानेखाली ब्रिस्बेनहून आणलेली उशी होती. लोरेदानाने स्वतः निवडली होती, दवाखान्यातून घरी आणलं त्याच आठवड्यात. कडक, मानेच्या बाकाला बाक असलेली, डॉक्टरही वापरतात ती. दर खेपेला ती ही उशी थोपटून, वर ओढून नीट बसवायची आणि म्हणायची, "आता कसं छान, ना मम्मा?" मम्माच्या डोळ्यांतून पाणी यायचं. लोरेदाना ते टिपायची. या आजारात डोळे वाहतात असं तिने वाचलं होतं.

तिने एका हाताने आईचं डोकं उचललं, उशी ओढून काढली आणि कपाटातली जुनी, पिसांची, चपटी झालेली उशी सरकवली. मानेवर एक तांबडा, घट्टा पडलेला वळ होता. तिने त्यावर बोटं ठेवली आणि हळूहळू चोळत राहिली.

"आता?" तिने विचारलं.

"होय," आईचा जुना, भरदार आवाज म्हणाला.

खालून रेनातोने गाडीचा हॉर्न दिला, एकदा, मग पुन्हा. लोरेदानाने खिडकीशी जाऊन हात हलवला, तू जा, मी राहते. मग परत येऊन पलंगाच्या कडेवर बसली.

"अजून काही, मम्मा?"

पहिली ओळ उजळली.